गिरणीमालक काही मरेना

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी अकरा वर्षांपूर्वी खुनाची कादंबरी लिहायला घेतली. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवरच वही उघडायची आणि लिहीत बसायचं. चारशे बारा पानं भरली होती आणि खून अजून व्हायचाच होता.

मरायचं होतं एका गिरणीमालकाला, आणि मारणार होता त्याचा पुतण्या. तो बिचारा पहिल्याच प्रकरणात झोपेच्या गोळ्या आणायला निघाला, तर कादंबरीतल्या औषधवाल्यानं त्याच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी मागितली. चिठ्ठीशिवाय गोळ्या देणं बाईंच्या हातून कागदावरसुद्धा होईना. मग पुतण्या डॉक्टरकडे नंबर लावून बसला आणि त्या बाकड्यावरच दोन प्रकरणं खर्ची पडली. पुढे त्यानं दुधात विष कालवलं. पण बाईंना त्याचा उतारा ठाऊक होता, आणि तो त्यांनी आधीच स्वयंपाकिणीच्या फडताळात नेऊन ठेवला. जिन्यावरून ढकलायचं ठरलं तेव्हा म्हाताऱ्याची हाडं ठिसूळ असतील या काळजीनं त्याला सहा महिने कॅल्शियम सुरू केलं. अठ्ठाविसाव्या प्रकरणापर्यंत गिरणीमालकाचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आलं होतं. खंगत चालला होता तो पुतण्या.

बाईंचे मिस्टर लोकांना मोटार शिकवायचे. शेजारी बसून ब्रेक दाबायची त्यांच्या पायाला इतकी सवय, की सिनेमात गाडी जोरात आली तरी तो पाय दाबला जायचा. दर रविवारी ते बायकोचं नवं प्रकरण वाचत. पाय एकदाही हलला नव्हता.

"सोडून दे ना आता," ते एकदा म्हणाले.

"सोडू? आणि लोकांना काय सांगू?"

लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं, हीच तर पंचाईत होती. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या माणसालाही खोकत खोकत कथानक ऐकावं लागे. वाचनालयाच्या बाईंनी तर कपाटात जागा धरून ठेवली होती. पण खरी धास्ती वेगळीच होती. वही मिटली की आपण उरलो नुसत्या गोळ्या मोजणाऱ्या, असं बाईंना वाटायचं, आणि त्या विचारानं त्यांना रडू यायचं.

एका मंगळवारी त्यांना अखेर युक्ती सुचली. चूक औषधवाल्याच्याच हातून होईल! पित्ताच्या गोळ्यांऐवजी तो साखर उतरवायच्या गोळ्या देईल, गिरणीमालक त्या उपाशीपोटी घेईल, आणि एकदाचं सगळ्यांना मोकळं करेल. बाई झपाटल्यासारख्या लिहीत सुटल्या. मध्येच शेजारचे घड्याळवाले काका चिठ्ठी घेऊन आले. बाईंनी चिठ्ठीवर ओझरती नजर टाकली, खणातून पाकीट काढून दिलं आणि अर्धवट वाक्य पुरं केलं.

दहा मिनिटांनी काका परत आले. दुरुस्तीचं भिंग अजून डोळ्यालाच होतं.

"बाई, चिठ्ठीवर पित्ताच्या गोळीचं नाव आहे. हे काहीतरी दुसरंच दिसतंय."

बाईंनी पाकीट पाहिलं. साखर उतरवायच्या गोळ्या होत्या.

"घेतली का एखादी?" बाईंनी पाकिटातल्या गोळ्या मोजत विचारलं.

"छे हो. भिंग लावलेलं होतं म्हणून नजर गेली. एरवी तुमच्याकडचं औषध मी कधी वाचून बघतो का?"

बाईंनी योग्य पाकीट काढलं, नाव तीनदा वाचलं, काकांची दोनदा माफी मागितली. काका म्हणाले, होतं असं कधीकधी. बाईंना ते पटलं नाही.

संध्याकाळी त्यांनी मिस्टरांना सगळं सांगितलं. "अकरा वर्षं झटून एक माणूस मारता आला नाही मला," त्या म्हणाल्या, "आणि आज लक्ष नव्हतं तर..." मिस्टरांनी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या बाई थायरॉइडच्या गोळ्या न्यायला आल्या.

"कपाटातली ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या," बाई म्हणाल्या. "माझं पुस्तक काही येणार नाही."

"अहो, असं कसं? आणि गिरणीमालक?"

"ठणठणीत आहे."

बाईंनी गोळ्यांचं पाकीट चिठ्ठीशेजारी ठेवलं, बोटानं एकेक अक्षर जुळवून पाहिलं, आणि मग दोन्ही त्यांच्यापुढे सरकवली. "एकदा तुम्हीही वाचा," त्या म्हणाल्या. "सावकाश वाचा. मला काही घाई नाही."