कांदेनवमीचा नेम

आमच्या घरी शाळा जूनमध्ये सुरू होत नाही. ती सुरू होते मेच्या शेवटच्या रविवारी, जेवणाच्या टेबलावर, कारण त्या दिवशी नवरा मीटिंग घेतो. तो नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. तिथे जपानी पद्धतीचं वारं शिरल्यापासून आमच्या घरात माणसं राहत नाहीत, ‘रिसोर्सेस’ राहतात. फ्रिजच्या दारावर पांढरा बोर्ड लागतो, त्यावर रकाने पडतात, आणि माणशी एका रंगाचं चुंबक वाटलं जातं. निळं त्याचं, पिवळं नववीतल्या मुलीचं, हिरवं पाचवीतल्या मुलाचं, पांढरं सासूबाईंचं आणि लाल माझं. लालच का, असं मी एकदा विचारलं होतं. ‘अगं, लांबून दिसतं,’ म्हणाला.

कामांची वाटणी अगदी लोकशाही पद्धतीने होते. मुलाकडे पाण्याच्या बाटल्या. मुलीकडे स्वतःचं दप्तर भरणं. हे घरकामात मोडतं हे मला त्या बोर्डावरूनच कळलं. सासूबाईंकडे ‘मार्गदर्शन’. नवऱ्याकडे ‘देखरेख’. आणि सगळ्यात खाली एक रकाना असतो, ‘इतर’. तिथे लाल चुंबक.

आता इतर म्हणजे काय, तर चहा, दूध, मुलांचे छोट्या सुट्टीचे आणि मोठ्या सुट्टीचे वेगवेगळे डबे, नवऱ्याचा डबा (कंपनीत कँटीन आहे, पण तिथल्या जेवणाने याला पित्त होतं), सासूबाईंचं दुपारचं जेवण, उद्याची भाजी, परवाचं कडधान्य भिजत घालणं, आणि हे सगळं केल्यावर ‘डब्यात काय आहे?’ या प्रश्नाला हसून उत्तर देणं. बाकी मग देखरेख होतीच.

त्यात शाळेचंही एक डब्याचं पत्रक येतं. सोमवारी पालेभाजी, मंगळवारी मोडाचं कडधान्य, असं वारावार सगळं. नवरा ते पत्रक बोर्डावर हुबेहूब उतरवतो, आणि पहिल्याच आठवड्यात बोर्ड तोंडावर आपटतो. कारण शाळा चालते वारावर आणि आमचं घर चालतं तिथीवर. मोडाच्या मटकीच्या दिवशी नेमकी चतुर्थी निघते, मुलगी हौसेने उपास धरते, नवऱ्याचा शनिवार तर ठरलेलाच, आणि आषाढी एकादशीपासून चार महिने सासूबाईंना कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. म्हणजे एकाच ओट्यावर दोन फोडण्या. बोर्डाला त्याचं काय? त्याला पोट नाही.

गेल्या वर्षीपर्यंत मी हे कुरकुरत का होईना रेटत होते. माझी बँकेची शाखा घरापासून स्कूटीवर दहा मिनिटांवर होती. सगळ्यांना पिटाळून, ओटा पुसून, केस विंचरता विंचरता मी वेळेवर पोचायचे. यंदा जूनमध्ये मात्र माझ्या बढतीचा कागद आला. अधिकारी म्हणून त्र्यंबकच्या शाखेत. शाळा सुरू होऊन महिना व्हायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नकार लिहून द्यायचा.

असा नकार मी एकदा लिहून दिला होता, मुलगा लहान होता तेव्हा. दुसऱ्यांदा दिला की बँक पुन्हा विचारायच्या भानगडीत पडत नाही. मग निवृत्त होईपर्यंत त्याच काउंटरवर, माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरांना ‘सर’ म्हणत बसायचं. मला ती खुर्ची हवी होती. आढेवेढे घेऊन सांगत नाही, मला ती हवीच होती.

अडचण एवढीच होती की त्र्यंबकला वेळेत पोचायचं तर सीबीएस स्टँडवरून सकाळची बस गाठायला हवी. मुलांची रिक्षा, नवऱ्याच्या कंपनीची बस आणि माझी बस, सगळ्यांचं निघणं एकाच अर्ध्या तासात.

नवरा नाही म्हणाला नाही हं. तो कधीच नाही म्हणत नाही. ‘तू ठरव,’ म्हणाला. ‘माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. फक्त सकाळचं तेवढं बघ.’

मुलगी म्हणाली, ‘आई, घेच तू. पण माझा डबा कोण करणार?’ मुलगा म्हणाला, ‘मला रोज ब्रेड-जॅम चालेल,’ आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. सासूबाई वाती वळत राहिल्या. त्या लग्नाआधी निफाडकडच्या एका शाळेत शिकवत होत्या. ती नोकरी कशी सुटली हे घरात कुणी विचारत नाही. त्या स्वतः ‘सोडली’ एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात.

मग स्वयंपाकाला बाई लावायची टूम निघाली. एक आल्या, त्यांना सासूबाईंनी सोवळ्याचे एवढे नियम सांगितले की त्या चहासुद्धा न पिता गेल्या. पोळी-भाजी केंद्राचं नाव काढलं तर नवऱ्याच्या पित्ताने डोकं वर काढलं. रोज संध्याकाळी त्याच टेबलावर तीच चर्चा. शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, ‘तू जरा लवकर उठलीस तर जमण्यासारखं आहे.’ अहो, आणखी किती लवकर? दूधवाल्याच्या आधी मी उठते. आता काय म्हशीच्या आधी उठू?

नकाराचा कागद पर्समध्ये घालून मी दोन दिवस हिंडले. खोटं कशाला बोलू, सहीसुद्धा करून ठेवली होती.

आणि मग कांदेनवमी आली.

ज्यांच्याकडे ती नसते त्यांच्यासाठी सांगते. आषाढी एकादशीच्या आधीची ही नवमी. पुढचे चार महिने कांदा-वांगं बंद होणार, म्हणून त्या दिवशी ते खाऊन घ्यायचं. त्यात आम्ही नाशिककर. कांद्याच्या बाबतीत आमचा हात मुळातच सैल. त्या संध्याकाळी मी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, भरली वांगी आणि लसणाचा ठेचा केला. सगळे गप्प बसून खात होते, म्हणजे छान झालं होतं.

जेवण झाल्यावर आमच्या घरी आणखी एक रीत आहे. सासूबाई देवासमोर ताम्हन ठेवतात आणि प्रत्येकाने हातात पाणी घेऊन चातुर्मासात आपण काय सोडणार ते मोठ्याने बोलायचं. पाणी ताम्हनात सोडलं की नेम पक्का. मग आभाळ कोसळलं तरी तो मोडायचा नाही.

सासूबाईंनी नेहमीप्रमाणे कांदा, लसूण, वांगं सोडलं. मग नवरा पुढे झाला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘वांगं.’ हा गृहस्थ वांगं खातच नाही. त्याच्या जिभेला खाज सुटते. भरल्या वांग्यातला नुसता रस्सा ओढतो. गेली कित्येक वर्षं तो दर आषाढात वांगं सोडतो आणि पुण्य जमा करतो. मुलीने पिझ्झा सोडला, कारण दातांना नुकत्याच तारा बसल्या होत्या. मुलगा म्हणाला, ‘मी कारलं सोडतो.’

त्यावर मात्र सासूबाई चिडल्या. ‘काय थट्टा मांडलीय? जे आवडत नाही ते सोडण्यात कसला आलाय नेम? रोजचं, आवडीचं, ज्यात जीव गुंतलाय ते सोडायचं असतं.’ मुलगा हिरमुसला आणि त्याने मोबाइलवरचा गेम सोडला. नवरा छताकडे बघत होता.

मग माझा नंबर. खरं तर मला दरवर्षी कुणी विचारत नाही. मी पळी पुढे करते आणि गोड वगैरे काहीतरी सोडून मोकळी होते. त्या दिवशी हातात पाणी घेतलं आणि डोक्यात एकदम सासूबाईंचं वाक्य वाजलं. ज्यात जीव गुंतलाय ते. घरी कुणीही आलं की हे सगळे काय सांगतात? ‘हिला स्वयंपाकाची भारी आवड. किचनमध्ये शिरली की हिचा जीव रमतो.’ पाहुण्यांसमोर इतक्या वेळा सांगितलंय की आता ते नाकारायची कुणाची टाप नव्हती.

मी म्हटलं, ‘मी चातुर्मासात सकाळचा स्वयंपाक सोडला.’

आणि पाणी सोडलं.

नवरा म्हणाला, ‘अगं, हा काय नेम झाला?’

‘का? रोजचा आहे. आवडीचा आहे. जीव गुंतलाय. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?’

‘आई, तू सांग हिला काहीतरी!’

सासूबाई ताम्हनाकडे बघत बसल्या होत्या. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्या पळी पुसत म्हणाल्या, ‘पाणी सोडलंय तिने. आता कुणी बोलायचं नाही.’ आणि दिवा नीट करायला लागल्या.

मी पर्समधला कागद काढला, फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

त्यानंतरचं काय सांगू! एकादशीच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याने साबुदाणा भिजवला तो पातेलंभर पाण्यात, डाळीसारखा. सकाळी त्याची खळ झाली. पंधरा दिवसांनी त्याने मला एक शोध सांगितला. ‘आपल्याकडे शेगडीला दोनच बर्नर आहेत. हा बॉटलनेक आहे.’ असं? मी इतकी वर्षं त्या बाटलीच्या मानेत अडकले होते, तेव्हा कुणाला दिसली नाही ती. त्याच संध्याकाळी चार बर्नरची शेगडी आली. मी दोन वर्षं मागत होते तेव्हा ओटा लहान होता.

मुलगी पोळ्या शिकली, रडत का होईना. मुलाच्या डब्यात ब्रेड-जॅम बघून शाळेची चिठ्ठी आली, ती नवऱ्याने वाचली आणि म्हणाला, ‘शाळेला काय जातंय सांगायला? पहाटे उठून मोड आणून दाखवा म्हणावं.’ हे वाक्य मी आनंदाने ऐकलं. बोर्डावरचा ‘देखरेख’ हा रकाना कधी पुसला गेला ते मी पाहिलं नाही, पण एक दिवस तो तिथे नव्हता.

आणि मी? पहिल्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसले होते. अंजनेरीचा डोंगर दिसला आणि मला चक्क रडू आलं. मुलांची आठवण, घराची काळजी वगैरे काही नाही. सीबीएसवर मी बसून, गरम चहा पूर्ण कप प्यायले होते. सकाळचा चहा गरम असतो हे मी विसरूनच गेले होते.

श्रावणात कसोटी लागली. सोमवारी भाविकांनी बस फुटायची, उभ्याने जायचं, आणि घरी कुणी ना कुणी आजारी पडायचं. एकदा मुलगी तापली. नवरा म्हणाला, ‘एक दिवस कर ना सकाळचं. देवाला कळतं सगळं.’ मी उठणारच होते. सासूबाई आतून म्हणाल्या, ‘बरं. मग मीही एक दिवस कांदा खाते. देवाला कळतं सगळं.’ नवऱ्याने मुकाट्याने कुकर लावला. मी मुलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, रजा टाकली, पण ओट्याला हात लावला नाही. जीव तुटत होता, तरी नाही लावला.

दिवाळीच्या सुमाराला नवऱ्याने कंपनीत ‘घरातलं सकाळचं नियोजन’ यावर भाषण दिलं आणि बक्षीस म्हणून कॉफीचा मग मिळवला. मगवर त्याचं नाव. त्यात माझा उल्लेख होता की नाही मी विचारलं नाही, विचारून रक्त कशाला आटवायचं?

कार्तिकी एकादशी झाली. चातुर्मास संपला. त्या संध्याकाळी नवऱ्याने बोर्ड पुसला, नवे रकाने आखले आणि शीळ घालत लाल चुंबक सकाळच्या स्वयंपाकावर लावलं. ‘सुटलो बुवा!’ म्हणाला. ‘आता तुझं तू सांभाळ.’ बस तीच होती, वेळ तीच होती, खुर्ची तीच होती. पण घरात सगळ्यांचे चेहरे असे उजळले होते, जणू मी परदेशातून परत आले. देवासमोर बोलले होते ते चारच महिन्यांचं. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून स्वयंपाकघरात गेले. बदलीचा अर्ज कसा लिहायचा याची वाक्यं डोक्यात जुळवत होते. सासूबाई आधीच तिथे होत्या. पाटावर बसून चार महिन्यांनंतरचा पहिला कांदा चिरत होत्या. मी कणकेच्या डब्याला हात घातला.

‘ठेव तो,’ त्या म्हणाल्या.

‘आई, नेम संपला ना.’

‘मानवलेला नेम पुढे चालवता येतो. शास्त्रात आहे.’

‘कुठल्या शास्त्रात?’

‘माझ्या.’ त्यांनी वर पाहिलं नाही. कांदा चिरत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, ‘मी आधी शाळा सोडली. मग दरवर्षी कांदा सोडला, वांगं सोडलं. हेही सोडता येतं, हे मला मेलीला कुणी सांगितलंच नाही गं.’

मी डबा जागेवर ठेवला. त्यांनी विळी मिटली, पदराला हात पुसले आणि आतल्या खोलीत झोपलेल्या आपल्या लेकाच्या दिशेने, शाळेत हजेरी घेत असतील तसा खणखणीत आवाज लावला.

‘अरे, ऊठ! कणीक मळायची राहिलीय. हिची बस चुकेल.’