नेटीची बोटं

त्या शनिवारी नेटी होलोवाचला उकळत्या पाण्याच्या पातेल्याची भीती वाटत होती.

रविवारी सुगीचं गावजेवण. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या त्या युक्रेनियन वस्तीच्या बायका चर्चच्या तळघरात देवाचं नाव घेऊन पिरोही करायला बसल्या होत्या. पारीत बटाट्याचं सारण भरायचं, दुमडायची, कडा चिमटायच्या. कड सुटली की सारण पाण्यात. नेटी चिमटत होती, पण पीठ बोटांना कळतच नव्हतं. जाड हातमोजे घातल्यासारखं.

एमएसने, मज्जातंतूंच्या त्या आजाराने, तिला नऊ वर्षं पोखरलं होतं. मार्चमध्ये ती पोलंडला गेली. मानेतली शीर फुग्याने रुंद केली की हा आजार हटतो, असं तिथले डॉक्टर म्हणत; इथले म्हणत, पुरावा नाही. तिथल्या टेबलावर ती सारा वेळ देवमातेचा धावा करत होती. दुसऱ्या दिवशी पाय उबदार झाले, बोटांना चादर कळली. ईस्टरला तिने काठीशिवाय उभं राहून चर्चभर ते सांगितलं.

ऑगस्टमध्ये ती ऊब, तो स्पर्श, सगळं परत गेलं. हे तिने नवऱ्याला, विल्फलाही सांगितलं नव्हतं.

आणि समोर डोरीन बसली होती. तिच्या नवऱ्याला, लॉइडला, तोच आजार. मंगळवारी तो त्याच डॉक्टरांकडे निघणार होता.

"तुझ्याकडे बघूनच तयार झाला गं," डोरीन म्हणाली. "नाहीतर सुई दिसली की ट्रॅक्टरखाली लपणारा माणूस!"

"मावेल का तो ट्रॅक्टरखाली?" शेगडीजवळून स्टेफनियामावशी ओरडल्या. सगळ्या हसल्या. नेटीही हसली आणि तिने पुढची पारी उचलली.

"शीर फुगवताना दुखतं का गं फार?" डोरीनने विचारलं.

"मानेत दडपण येतं. बाकी काही नाही."

खोटं नव्हतं ते. पुढचं कोणी विचारलं नव्हतं.

मावशींनी पुढचं ताट पातेल्यात सोडलं आणि झारा आपटला. "अगं बायांनो, कुणाचं हे? सगळ्या फुटल्या! डोरीन, तुझे हात इथे नि मन पोलंडात!"

"असतील माझ्याच," डोरीन कसनुसं हसली. "हल्ली झोपच नाही मला."

नेटीने मनात प्रार्थना सुरू केली. दोन शब्दांपुढे ती जाईना.

"माझ्या आहेत, मावशी." नेटी म्हणाली. "डोरीन, बोटं परत गेली माझी. पायही. ऑगस्टपासून."

डोरीनने मान वर केली.

"विल्फला माहीत आहे?"

"नाही."

"मंगळवारचं विमान आहे, नेटी."

"म्हणून तर सांगतेय गं."

डोरीन हातातल्या पिरोहीची मिटलेली कड पुन्हा पुन्हा चिमटत राहिली. मग तिने ती ताटात ठेवली, एप्रनला हात पुसले.

"लॉइड बाहेर गाडीत बसलाय. तू चल बरोबर. माझ्याच्याने एकटीने नाही सांगवणार."

जिन्याचा कठडा नेटीच्या हाताला कळेना. तिने डोरीनचा दंड धरला. वर, गाडीतून लॉइड मोठ्याने विचारत होता, "झालं का गं तुमचं?"