अक्काचं आईस्क्रीम

अक्का गेली हे मला दाजींच्या स्टेटसवरून कळलं. आदल्याच दिवशी मी मिरजेच्या दवाखान्यातून साताऱ्याला परतले होते. शाळेतून येऊन चहा टाकला, मोबाईल हातात घेतला, तर अक्काचा हसरा फोटो, भोवती फुलांची चौकट, खाली दोन समया आणि 'माझी लक्ष्मी मला सोडून गेली'. फोटोत तिच्या हातात आईस्क्रीमचा कप. कुठल्याशा लग्नातला फोटो असणार. बायकोच्या एवढ्या फोटोंतून या माणसाला नेमका तोच सापडला! मी गॅस बंद केला आणि रडायच्या आधी दाजींना एक शिवी हासडली. आता महिना होऊन गेलाय. बहिणीवर चार शब्द लिहा, असं पुरवणीवाल्यांनी सांगितलं, म्हणून बसलेय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. अक्काबद्दल मी चांगलंच बोलणार आहे. बाकीचे सगळे जिवंत आहेत, आणि त्यांची मला भीड नाही.

आम्ही वडूजकडच्या. अक्का थोरली, मी धाकटी. तिला तासगावजवळ द्राक्षबागायतदाराच्या घरी दिली तेव्हा आमच्या भावकीनं बोटं तोंडात घातली होती. बंगला, गाडी, बेदाण्याचं शेड. दाजी म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. बागेवर कुठलं औषध मारायचं ते त्यांना विचारायचं, पोराचं लग्न कुठं करायचं ते त्यांना विचारायचं, आणि पोट बिघडलं तरी त्यांनाच. या माणसाला ठाऊक नाही अशी गोष्ट नव्हती. आपल्या बायकोला काय होतंय, तेवढं सोडून. घरची रीत अशी की आधी गडीमाणसं जेवणार, मग सासूबाई, आणि सगळ्यांच्या मागून सून, एकटी, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. दुपारचे तीन वाजायचे तिला पानावर बसायला, रात्री तर विचारूच नका. जेवली की भांडी, भांडी झाली की पाठ टेकायची. नवी सून होती तेव्हा हे ठीक होतं. पण मुलगा लष्करात भरती झाला, ही सासू व्हायच्या वयाला आली, तरी तिचं पान शेवटचंच. त्यात तिला पित्ताचा त्रास. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, आडवं झालं की खोकला. भिंतीला दोन उशा लावून ती बसल्या बसल्या झोपायची, आणि मुलाचा फोन आला की "झकास हाय बघ" म्हणायची.

दाजींनी यावर इलाज शोधला. "आग हाय न्हवं? मग थंड खायाचं. आग मरती." झालं! एवढंच त्यांचं वैद्यकशास्त्र. तासगावातून आईस्क्रीमचे मोठे डबे यायला लागले. बटरस्कॉच, चॉकलेट, सीताफळ... फ्रीज पुरेना म्हणून हॉलमध्ये दुसरा फ्रीज आला, आणि आल्यागेल्याला दाजी तो उघडून दाखवायचे. "आमच्याकडं दुपारच्याला आईस्क्रीम असतंय. ह्या गावात कुणाची बायको खाती सांगा?" लोकही असे नग, की माना डोलवायचे. सासूबाई पलीकडून टोमणा मारायच्या, "आमच्या टायमाला न्हवती बाई कसली जळजळ. चोचलं हायती." म्हणजे एकीच्या लेखी ही खादाड आणि दुसऱ्याच्या लेखी लाडाची. आजारी कुणाच्याच लेखी नव्हती.

मी तिला फोनवरून ओरडायचे. अगं, ती मलई, ते चॉकलेट, त्यानंच वाढतंय. खायचंच तर चमचाभर खा, वर लगेच आडवी होऊ नकोस. ती हसायची. तिला कळत नव्हतं असं नाही. घास उतरताना गार वाटतं आणि तासाभरानं दुप्पट आग उठते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? एकदा म्हणाली, "सुमे, उतरताना पाच मिनटं बरं वाटतंय गं. तेवढी पाच मिनटं मला दुसरं कोण देतंय?" मी फोन ठेवला आणि दिवसभर माझ्या वर्गातल्या पोरींवर डाफरत राहिले.

गेल्या दिवाळीनंतर तिच्याकडे गेले, तेव्हा ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. दुपारी ती आईस्क्रीमची वाटी घेऊन बसली होती, पण खात नव्हती. पार पातळ होऊ दिलं आणि मग पेज प्यावी तसं प्यायली. बटरस्कॉचमधले कडक दाणे एकेक करून तोंडातून काढून वाटीच्या कडेला लावले. मी विचारलं, "हे गं काय?" तर तिनं छातीच्या मधोमध बोट टेकवलं. "हितं थांबतंय. भाकरी तर उतरतच न्हाई." तशीच उठून ओट्यावर बसलेल्या दाजींकडे गेले. म्हटलं, हिला मिरजेला न्या, दुर्बिणीची तपासणी करा, घास अडकतोय ही साधी गोष्ट नाही. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, की शाळामास्तरीण आता आम्हाला शिकवणार! "आवं, ताट बघा की तिचं. रोज दोन भाकऱ्या वाढून घेती, ताट मोकळं करती, वर आईस्क्रीम खाती. आन तुमी म्हणताय गिळत न्हाई?" मी अक्काकडे बघितलं. ती खाली मान घालून वाटी धूत होती. मला पुढं बोलू नको अशी खूण तिनं केली. भांडण नको होतं तिला. जन्मभर तिला तेवढंच नको होतं.

पुढं रोज माझं तेच तुणतुणं, आणि दाजींची रोज नवी सबब. बागेचा माल काढायचाय, मग बेदाणा टाकायचाय, मग कुणाच्या तरी घरभरणीला जायचंय. तारीख टळली की संध्याकाळी एक डबा जास्तीचा यायचा. डॉक्टरऐवजी आईस्क्रीम! असला दिलदारपणा मी कुठं पाहिला नाही. शेवटी मीच साताऱ्याहून भाड्याची गाडी केली, कुणाला न विचारता तिला उचललं आणि मिरज गाठली. मागोमाग दाजी त्यांच्या गाडीतून आले, चिडलेले. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, बाहेर आले आणि विचारलं, "यांना घास गिळायला किती दिवसांपासून त्रास आहे?" आणि या माणसानं काय सांगावं? "खाण्यापिण्याची कसलीच आबाळ न्हाई साहेब. रोजचं आईस्क्रीम हाय तिला." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, अन्ननलिका जवळजवळ बंद झालीय, गाठ आहे, फार उशीर केलात. माणसाला गिळता येईना की पातळ आणि गार तेवढंच खाली जातं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा दाजी फोनवर बेदाण्याचा भाव विचारत होते. त्यानंतर अक्का दवाखान्यातून घरी आली नाही.

रक्षाविसर्जनाला सगळा गाव लोटला. गेलेल्याच्या आवडीचं निवदात ठेवायचं, कावळा शिवला की जीव तृप्त झाला म्हणायचं, ही आमच्याकडची पद्धत. लोकांनी पुरणपोळी, वडे, भजी मांडली होती. तेवढ्यात दाजी गर्दीतून वाट काढत आले, हातात आईस्क्रीमचा डबा. केळीच्या पानावर त्यांनी तो अख्खा उपडा केला. उन्हात ते वितळून राखेकडं ओघळायला लागलं. कावळे येईनात, माणसं कुजबुजायला लागली. मग एक आला, बाकी कशाला न शिवता त्या पांढऱ्या लगद्यात चोच घालून उडाला. "बघा! बघा!" म्हणून दाजींनी हंबरडा फोडला. आयाबायांनी पदर डोळ्यांना लावले. कुणीतरी म्हणालं, अशी आवड पुरवणारा नवरा मिळायला भाग्य लागतं. मला राहवलं नाही. सगळ्यांच्या देखत म्हटलं, "दाजी, तिला आईस्क्रीम आवडत न्हवतं. दुसरं काय गिळत न्हवतं तिला." सासूबाई लगेच म्हणाल्या, "आता तरी भांडू नगंस बाई. पोरीच्या ताटात कवा कण उरला न्हाई. माझ्या डोळ्यांनी बघितलंय." लोकांनी मलाच गप्प बसवलं. बहिणीच्या दुःखानं हिचं डोकं फिरलंय, असं एकजण बोलला ते मी ऐकलं.

परवा अक्काचा महिना घातला, म्हणून गेले होते. जायची इच्छा नव्हती, पण तिच्या नावाचा घास होता. पंगत उठली, पाहुणे परसात सावलीला टेकले, आणि दुपारी तीनच्या सुमाराला दावणीची म्हैस रेकायला लागली. रेकणं म्हणजे कसं, तर दावं ताणून, मान लांब करून, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडं तोंड करून. पुढ्यात वैरण पडली होती, पाणी होतं, दूध काढून झालं होतं. दाजींनी रुमाल काढला. "हिच्या मायेनं रडती. ही मिरजेला गेली तवापास्नं रोज ह्याच वक्ताला अशी रेकती बघा. मुकं जनावर, पर कसा जीव हाय!" पाहुणे चुकचुकले. एकानं मोबाईल काढून त्या म्हशीचं चित्रीकरण सुरू केलं. मी मात्र त्या दाराकडं बघत राहिले. ती वेळ, तो उंबरा, एकटीचं ते पान...

मी आत गेले, टोपलीतली एक भाकरी घेतली आणि मागच्या दारानं बाहेर आले. मी निम्म्या वाटेवर असतानाच म्हैस गप्प झाली. भाकरी हातातून ओढून घेतली, खाल्ली, माझा तळवा चाटला आणि पुन्हा मान वर करून थांबली. दाजींचा रुमाल हातात तसाच राहिला होता. "ही... हिला काय पायजे?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं.

"अक्का रोज दोन वाढून घ्यायची ना?" मी म्हणाले. "एक मी दिली. दुसरी तुमी आणा."