आत्या, ओटा आणि नववं वचन

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर चिखलीतल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीनं त्यांना वडील नेमलं. चर्चचा कारभार पाहणाऱ्या जाणत्या माणसाला आमच्यात वडील म्हणतात. म्हणजे बाबा घरातही वडील आणि चर्चमध्येही वडील. आई म्हणायची, "एका माणसाला एवढं वडीलपण झेपत नाही." तिचं म्हणणं मला त्या डिसेंबरात पटलं.

आमचे पाळकसाहेब नगरकडचे, बोलायला मऊ. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी नव्या करारातल्या एका लहानशा पत्रावर संदेश दिला. अख्खं पत्र तेरा वचनांचं. वेळ थोडा होता म्हणून त्यांनी एकदम नववं वचन घेतलं. त्याचा अर्थ असा, की जो पुढे पुढे जातो आणि ख्रिस्ताच्या शिक्षणात राहत नाही त्याच्यापाशी देव नाही. आणि त्याच्याच पुढचं वचन असं, की हे शिक्षण न आणता कोणी तुमच्याकडे आला तर त्याला घरात घेऊ नका, सलामही करू नका.

'पुढे जातो' हे ऐकून बाबा आधी चपापले. सगळी नोकरी त्यांनी "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून लोकांना पुढं ढकलण्यात घालवली होती. पण लगेच त्यांचा चेहरा उजळला. त्यांना त्यांची मोठी बहीण आठवली होती.

आत्या बीबी नावाच्या गावात राहायची. दोन वर्षांपूर्वी ती तिथल्या एका नव्या मंडळीत जायला लागली होती. त्यांच्याकडे टाळ्या वाजवून भक्ती चाले, आणि बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याची दीक्षा, पाण्यात पूर्ण बुडवून देत. आत्याचा बाप्तिस्मा लहानपणीच आमच्या पद्धतीनं, डोक्यावर पाणी शिंपडून झालेला. तरी ती साठीच्या पुढं एका शेततळ्यात उतरली आणि बुडी मारून वर आली. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिला फोन करून सुनावलं, "बाई, एकदा फाडलेलं तिकीट परत फाडत नसतात!"

बाबा तिला बाईच म्हणायचे. आत्या शांतपणे म्हणाली, "ते लहानपणचं अर्धं तिकीट होतं, भाऊ. आता पूर्ण काढलं."

तेव्हापासून बाबा तिच्यावर चिडून होते, पण काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. आता शास्त्रानंच, म्हणजे बायबलनंच, सुचवलं. संदेश संपल्यावर घरी येताना त्यांनी आईला सांगून टाकलं, "या वर्षी बाईले घरात घ्यायचं नाही."

"अन् करंज्या?" आई म्हणाली.

दर नाताळला आत्या आठ-दहा दिवस आधी यायची आणि करंज्या करून द्यायची. आईच्या करंज्या तेलात उमलायच्या आणि सारण कढईभर व्हायचं. आत्याची एकही करंजी कधी फुटली नाही. बाबांनी करंजीचा विचार केलेला नव्हता. "पाहू," एवढंच म्हणाले.

आत्या आली ती भर दुपारी, जीपनं. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात तुरीच्या शेंगांचं गाठोडं. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि ओट्यावर वाचत बसले होते. मी उठून गाठोडं घेतलं. बाबा दारात येऊन उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. गाडी भरली की ते फाटकात असेच उभे राहत.

सलाम करायचा नव्हता. पण काही न बोलता उभं राहणंही त्यांना जमेना. शेवटी म्हणाले, "जीप लवकर भेटली काय?"

"भेटली," आत्या म्हणाली. "सरक."

"बाई, तुले आत येता येत नाही." बाबांनी वचनाचा आकडा सांगितला, मग वचन सांगितलं, मग पुढचं वचन सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. रडेल, भांडेल, परत फिरेल, असं मला काहीबाही वाटत होतं. ती ओट्याकडे पाहून म्हणाली, "ओटा घरात येते का बाहेर?"

बाबांनी खरोखर विचार केला. "घरपट्टीत ओटा धरेल नाही," ते म्हणाले. "म्हणजे बाहेर."

"मंग झालं तं," म्हणून आत्या पदर खोचून ओट्यावर बसली आणि शेंगा सोलायला लागली.

आई आतून पाणी घेऊन आली. बाबा तिच्याकडे पाहायला लागले, तर ती म्हणाली, "वचनात पाण्याचं काही नाही." अर्ध्या तासानं तिनं मला हाक मारली आणि आम्ही दोघींनी गॅसची शेगडी आणि सिलिंडर ओट्यावर आणलं. मागून कढई आली, पोळपाट आला, मैदा आला. बाबा विचारत राहिले, "हे काय चाललं?" आई म्हणाली, "बाई घरात येत नाहीत. मग करंज्यांनी बाहेर जायचं."

अशा रीतीनं आमचं घर ओट्यावर आलं. आत्या लाटत होती, मी सारण भरत होते, आई तळत होती. येणारीजाणारी माणसं थांबून चौकशी करत होती. आत बाबा एकटे, टीव्हीसमोर. वास आत जात होता, त्याला काही वचन अडवत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी खिडकीतून विचारलं, "कशा झाल्या?"

"छान झाल्या," आई म्हणाली. "पण तुम्हाला कशा देऊ? बाईंच्या हातच्या आहेत. त्यांचं शिक्षण करंज्यांना लागलं असेल."

खिडकी बंद झाली.

आमच्या शेजारी गाद्या-रजया भरणारे चाचा राहत. संध्याकाळी गारठा पडायला लागला तसे ते कुंपणापाशी आले आणि त्यांनी आत्याला विचारलं, "आपा, आज बाहेरच का?" आत्यानं सांगितलं. चाचांना नीट काही कळलं नाही, पण कळून घेण्याची त्यांना गरजही वाटली नाही. ते घरात वळून ओरडले, "अगं, आपासाठी नवी रजई काढ." आत्या पिशवी उचलून गेलीसुद्धा. मंडळीच्या वडिलांची सख्खी बहीण नाताळाच्या तोंडावर चाचांकडे झोपायला गेली, ही बातमी आमच्या गल्लीतून चर्चपर्यंत जायला फार वेळ लागला नाही.

सकाळी आत्या पुन्हा ओट्यावर हजर, उरलेल्या करंज्या करायला. मागोमाग चाचा नेहमीसारखे पेपर वाचायला आले, आत जाऊन खुर्चीवर बसले. आईनं चहा दिला.

आत्या बाहेरून म्हणाली, "भाऊ, त्याहिले कसं घेतलं आत?"

बाबांनी उत्तर तयार ठेवलेलं होतं. "ते काई शिकवाले येत नाहीत. पेपर वाचाले येतात."

"मी कधी काय शिकवलं तुले? करंजी तं तुले अजून येत नाही."

चाचांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं. मग कपबशी आणि पेपर घेऊन उठले. "कंडक्टरसाहेब, बाहेर ऊन चांगलं पडलंय," म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. आता आत खरोखरच फक्त बाबा आणि त्यांचं खरं शिक्षण उरलं.

बाबांना हे सहन झालं नाही. ते शास्त्र घेऊन दारात आले आणि चष्मा लावून त्यांनी आत्याला वचन मोठ्यानं वाचून दाखवलं. 'शिक्षणात राहत नाही' यावर त्यांनी चांगला जोर दिला, दोनदा.

आत्याचं लाटणं थांबलं.

"हे तं खरंच हाये," ती म्हणाली. "मी नाही राह्यली शिक्षणात. चौथीतून निघाली. तू झाला अन् माय वावरात जाये, तुले कोण पाह्यल? मास्तर दोनदा घरी आले होते बोलवाले. म्या तुले कडेवर घेऊनच त्याहिले सांगतलं का येत नाही म्हणून." तिनं हातातली पारी पुन्हा पोळपाटावर ठेवली. "म्हणून देव नाही भेटत, हे नव्हतं माहीत."

ती हे खरंच तसं समजून म्हणाली, की बाबांची जिरवायला म्हणाली, ते मला आजही ठरवता येत नाही. शास्त्रातलं शिक्षण म्हणजे शाळेतलं नव्हे, हे तिला कळत नसेल असं नाही. स्तोत्रं तिला तोंडपाठ होती. पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते दहावीपर्यंत शिकले होते आणि त्यावर त्यांना एसटीत नोकरी लागली होती.

"बाई, ते शिक्षण नाही," ते म्हणाले. "हे वेगळं."

"मंग कोणतं? सांग ना."

बाबांनी पानं पुढंमागं उलटली. आपल्याला वचन पाठ आहे पण अर्थ येत नाही, हे त्यांच्या तोंडावर मला पहिल्यांदा दिसलं. ते म्हणाले, "थांब, पाळकसाहेबालेच विचारतो," आणि त्यांनी फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. पाळकसाहेब आपलीच बाजू घेणार याची त्यांना खात्री होती.

पाळकसाहेबांनी सगळी हकिगत ऐकली.

"अहो वडील," पाळकसाहेब म्हणाले, "ते पाहुण्यांबद्दल नाहीये हो. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. मंडळी कोणाच्या तरी घरातच भरायची. गावोगाव फिरणारे शिक्षक यायचे. त्यांना घरात घेणं म्हणजे मंडळीपुढं शिकवायला बसवणं, आणि पुढच्या गावाला पाठवताना शिदोरी देणं. त्यातले काही जण सांगत फिरायचे की ख्रिस्त देह धारण करून आलाच नाही. त्यांना थारा देऊ नका, एवढंच आहे ते. तुमच्या भगिनी असं म्हणतात का, की ख्रिस्त देहानं आला नाही?"

बाबांनी फोन हातात धरूनच आत्याला विचारलं, "बाई, तू असं म्हणतं काय, का ख्रिस्त देहानं आला नाही?"

आत्यानं कढईकडे बोट दाखवलं. "तो आला नाही तं मी दोन दिवसापासून करंज्या कायले तळून राह्यली बे?"

फोनमधून पाळकसाहेबांचं हसू ऐकू आलं. चाचांनी पेपर तोंडासमोर धरला, पण पेपर हलत होता. पाळकसाहेब म्हणाले, "वडील, झालं तुमचं उत्तर. आणि एक करा, पत्र पहिल्या वचनापासून वाचा. रविवारी मीच मधून सुरू केलं, चूक माझी."

बाबा दारातून बाजूला झाले. "ये बाई आत," म्हणाले. आत्या जागची हलली नाही.

"आता काय?" बाबांनी विचारलं.

आत्या जरा ओशाळली. "आमच्या पास्टरनंबी हेच वचन घेतलं होतं मागच्या महिन्यात. शिंपडणाऱ्याइच्या घरात जाऊ नका म्हणले. तोंडातून सवयीनं 'सरक' निघालं, मंग आठवलं, म्हणून तं मी मुकाट्यानं ओट्यावर बसली. तुले काय वाटलं, तुह्या भेवानं?"

म्हणजे दोन दिवस बहीणभाऊ एकाच वचनाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना बाहेर ठेवत होते, आणि दोघांनाही आपणच शिक्षणात राहिलो असं वाटत होतं. बाबांना आता राग यावा की हसू, हे कळेना. तेवढ्यात आईनं हात पदराला पुसले, बाबांच्या हातातून शास्त्र घेतलं आणि मला म्हणाली, "पहिल्यापासून वाच. माझा चष्मा आत आहे."

मी वाचलं. पत्र लिहिणारा स्वतःला वडील म्हणवतो, हे ऐकून बाबा ताठ झाले. पण ज्यांना लिहिलंय ती एक निवडलेली बाई आणि तिची मुलं. चौथ्या-पाचव्या वचनापर्यंत सगळं सत्याबद्दल आणि एकमेकांवर प्रीती करण्याबद्दल. नववं फार नंतर येतं.

"थांब," आई म्हणाली. "पत्र कोणाला आहे? बाईला. म्हणजे दारात कोणाला घ्यायचं हे वडिलांनी नाही, बाईनं ठरवायचं. या घरातली बाई मी. आणि हे ज्यांना बाई म्हणतात त्या तुम्ही. दोघींपैकी कोणतीही धरा. उठा, आत चला, तेल गार होतंय."

"बाईनं ठरवलं तं मंग झालं," आत्या म्हणाली. मग पोळपाट उचलून आत गेली. तिच्यामागं आम्ही शेगडी नेली, चाचा खुर्ची शोधत आले, आणि बाबांनी आपण होऊन सिलिंडर आत ओढलं.

पुढं मी तेराही वचनं बऱ्याचदा वाचली. शेवटी ते पत्र लिहिणारा म्हातारा म्हणतो, की कागद-शाईनं सगळं सांगायची इच्छा नाही, तुमच्याकडे येऊन समोरासमोर बोलेन, म्हणजे आनंद पुरा होईल. ज्यानं कोणाला घरात घेऊ नका लिहिलं, तो स्वतः कोणाच्या तरी घरी जायची वाट पाहत होता. शिक्षणात राहणं म्हणजे काय, याचं मला सापडलेलं उत्तर त्या शेवटच्या वाक्याच्या आसपास आहे. राहायचं असेल तर राहण्याजोगी जागाही हवी, आणि तिथं दुसरं माणूसही असलं पाहिजे. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू फार पुढं जाऊन राह्यली."

पुढल्या वर्षी एका रविवारी पाळकसाहेब गावाला गेले होते, तेव्हा बाबांवर दोन शब्द बोलायची वेळ आली. त्यांनी तेच पत्र उघडलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, शास्त्र मिटलं आणि म्हणाले, "अर्थ विचाराचा असल तं आपल्या मोठ्या बहिणीले विचारा." मग खाली बसले. आमच्या मंडळीत एवढा छोटा संदेश पुन्हा कोणी दिला नाही, आणि तो लोकांना फार आवडला. आत्या त्या दिवशी बीबीहून आलेली होती, पण चर्चमध्ये नव्हती. आमच्यासारख्या शिंपडणाऱ्यांच्या चर्चमध्ये ती अजून येत नाही. ती घरी शेंगा सोलत बसली होती, आत, पंख्याखाली.