सैल सोडायला शिकवणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई गेल्याची बातमी मला हिंगण्याच्या कंपनी बसमध्ये कळली. शेजारी बसलेल्या माणसाने बोलता बोलता सहज सांगितलं... मी बॅटरीच्या हाताने समोरच्या सीटची दांडी धरली होती. गेट आलं, सगळे उतरले, तरी माझा पंजा दांडीवरून सुटेना.

याच कंपनीत प्रेस मशीनखाली माझा उजवा हात मनगटापासून गेला. पुढे दवाखान्यातून बॅटरीचा हात मिळाला आणि तो चालवायला शिकवायला कुंदाताई मिळाल्या. जाड चष्मा, सुती पातळ आणि फटकळ तोंड. मला वाटलं होतं, बटण दाबलं की झालं. पण बटण नव्हतंच. उरलेल्या हाताचा वरचा स्नायू आवळला की पंजा उघडतो, खालचा आवळला की मिटतो. घाबरून दोन्ही आवळले तर आहे तिथेच अडकून बसतो. मी तर सदाचा घाबरट. गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, पुऱ्या उचलायचा सराव असायचा. माझ्या हातून त्यांचा चुरा व्हायचा आणि तो ताई खुशाल खाऊन टाकायच्या. मिटायला लवकर जमलं, उघडायला मात्र काही केल्या जमेना. घरी तान्ही लेक होती. या हाताजवळ तिला द्यायला बायको धजत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही मागत नव्हतो.

एक दिवस ताईंनी बांगड्यांसकट स्वतःचाच हात माझ्या पंजात दिला. मी पंजा मिटला, आणि तो अडकला. बांगडी फुटली, मनगटावर रक्ताची रेघ उमटली. घाबरून मी हात ओढायला लागलो. ताई स्टुलावरून हलल्यासुद्धा नाहीत.

"ओढून काहून राहिला गा? सैल सोड. मी कुठं पळून चालली?"

मग त्यांनी विचारलं, आज डब्यात काय आणलं? मी भरल्या वांग्यांचं सांगायला लागलो. बायको तिखट किती घालते, शेंगदाण्याचं कूट कसं भाजून घालते... सांगता सांगता खांदा खाली आला, दंड ढिला पडला आणि पंजा उघडला. ताईंनी मनगट पदराला पुसलं.

"बांगडी वाढली, दुसरी भरीन. उद्या लेकीले घेऊन ये."

मी नको म्हणत होतो, पण त्यांच्यापुढे कुणाचं चालायचं? दुसऱ्या दिवशी लेकीची मूठ त्यांनी माझ्या पंजात ठेवली आणि बायकोला वांग्यांची कृती विचारत बसल्या. बायको सांगत राहिली, मी ऐकत राहिलो, आणि लेकीला खरचटलंसुद्धा नाही. पुढे ती चालायला शिकली ती याच हाताला धरून.

त्या दिवशी बसमध्येही मी डब्याचंच आठवत बसलो. मेथीची भाजी होती. ड्रायव्हर इंजिन बंद करून थांबला. पंजा उघडला, आणि मग मला रडू आलं.

लेक आता शाळेत जाते. ताईंचा चेहरा तिला आठवत नाही. पण रस्ता ओलांडताना कधी गाडी अंगावर आली की माझा पंजा तिच्या हातावर अडकतो. ती ओढत नाही. तशीच उभी राहते आणि विचारते, "बाबा, आज डब्यात काय होतं?"