अण्णांचे शेंगदाणे

माझे वडील, अण्णा, भिंगारला शिंप्याचं दुकान चालवायचे. शिलाईचं मिशन चालवता चालवता सदऱ्याच्या खिशातून भाजलेले शेंगदाणे काढून तोंडात टाकायचे. त्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. टांगा करून मीच त्यांना नगरला डॉक्टरांकडे नेलं.

अण्णा आत सदऱ्याची बटणं लावत होते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून पथ्य सांगितलं. "तूप बंद, मटण बंद. त्यानं कोलेस्टेरॉल वाढतं. शेंगदाणे मूठभर चालतील, ते चांगलेच. खारे नकोत."

कोलेस्टेरॉल! असा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. टांग्यात बसून घरी येईपर्यंत मनातल्या मनात तोच घोळवला.

संध्याकाळी ओट्यावर शेजारच्या बायका जमल्या. मी आईचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवला, पोट पुढं काढलं आणि डॉक्टर झाले. "को-ले-स्टे-रॉल! तूप बंद! मटण बंद!" बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसू थांबेल म्हणून मी घाईघाईनं पुढचं जोडलं, "आणि शेंगदाणा? विष आहे विष! एकदम बंद!"

सगळ्या हसल्या. आई तेवढी हसली नाही. उठून आत गेली आणि दाण्याचा डबा माळ्यावर टाकला.

तेव्हाच बोलायचं होतं. पण "अगं, मी चावटपणा केला" असं सगळ्यांसमोर कोण सांगणार? म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी आईनं वांग्याच्या भाजीत कूट घातला नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आता सांगितलं तर मार बसेल. मग रोज सांगणं जड होत गेलं.

अण्णांना चतुर्थीचा उपास. दाण्याची आमटी नाही, खिचडीत कूट नाही. नुसती भगर ताकात कालवून गिळायचे. मिशनवर बसले की हात सवयीनं खिशाकडं जायचा आणि रिकामाच परत यायचा. दोन महिन्यांत त्यांनी स्वतःच्या पायजम्याची कंबर दोनदा आत घेतली. टाचण्या मीच धरल्या होत्या.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा आईपण आली. डॉक्टर म्हणाले, "एवढे का उतरलात? मूठभर शेंगदाणे खाता ना?"

"अवो, तुमीच तर बंद केले ना!" आई म्हणाली. "पोरीनं सांगितलं, विष हाय म्हून."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मग आईनं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"पोरीनं नीटच सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "माझीच ऐकण्यात चूक झाली."

त्यांना तर मी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी ते, माझ्या नकलेसकट, आईकडून ऐकलं होतं.

बाहेर आल्यावर आई टांगा बघायला पुढं गेली. अण्णांनी गाड्यावरून भाजलेल्या शेंगांची पुडी घेतली, एक शेंग फोडली आणि दाणे तळहातावर ठेवून ते हळूच म्हणाले, "कर बघू तो डॉक्टर. लई दिवस हसलो न्हाई."

मी पोट पुढं काढायला गेले. पण काढलं नाही. शेवटी माझ्याच आवाजात, खाली बघत म्हटलं, "मूठभर खा, अण्णा. ते चांगले असतात. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

"व्हय," म्हणाले आणि दाणे तोंडात टाकले.