पहिला पेला रोग्याचा

लढाईवरून परतलेला एक हवालदार कराडच्या बाजारात झाडपाल्याची औषधं विकायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बरण्यासुद्धा तो कवायतीला उभ्या केल्यासारख्या मांडायचा. नियम एकच: रोग्यानं समोर उभं राहून पहिला पेला प्यायचा.

माझी बायको दर महिन्याला तापवलेली वीट पोटाशी धरून पडायची. कळ आली की पदर दातांत धरायची. पण हे भर बाजारात सांगायचं कसं? मी म्हणालो, "पोट दुखतंय."

"तुमचंच?"

"व्हय."

"कवापासनं?"

"दर म्हैन्याला. चार दिस."

मिशी जराही न हलवता त्यानं ओवा, शेपा आणि हिराबोळाचा काढा पुढे केला. मी ते कडू जहर घोटलं आणि घरी न्यायला पुडी मागितली.

"पोट हितं हाय. पुडी कुणाला?"

असे तीन महिने गेले. माझ्यासारखे मिशाळ पोटदुखे तिथं रांगेनं उभे असत. चौथ्यांदा निघताना बायको वीट सावरत म्हणाली, "तुमचं पोट बरं हाय न्हवं आता?"

त्या दिवशी मी सगळ्यांदेखत बोललो, "बायकोचं दुखतंय. पाळीचं."

हवालदारानं नियम मोडून पुडी बांधली. "लय येळ लावला तुमी. ती माउली तिकडं कळा सोसतीया."

माझ्या शेजारी उभ्या पैलवानानं ओठाला लावलेला पेला हळूच खाली ठेवला.